राजा दीनदयाळ आणि सांचीचे आकाश

भोपाळहून सांचीला जाताना वाटेत कर्कवृत्त लागते. रस्त्यावर तशी खूण केलेली आहे. सहलीला आलेली मुले तेथे गाडी थांबवायला लावतात आणि एक पाय वृत्ताच्या अलीकडे, एक पलीकडे ठेवून फोटो काढून घेतात. आमच्या महाविद्यालयाच्या मुलांनीही तेच केले. तेथून थोड्याच अंतरावर सांचीची टेकडी आहे. डिसेंबरातली सकाळ होती आणि आकाश निळेभोर होते. माझ्या कॅमेऱ्यावर वाइड अँगल लेन्स होती व तिच्यावर नुकताच विकत घेतलेला पोलरायझिंग फिल्टर. ह्या फिल्टरने आकाश गडद होते एवढे ज्ञान मजजवळ होते. मोठ्या स्तूपाच्या ईशान्येला उभा राहून, उत्तर व पूर्व अशी दोन्ही तोरणे एका चौकटीत घेऊन, फिल्टर पुरता फिरवून मी दहा-बारा फोटो घेतले.

संध्याकाळी भोपाळला मुक्कामी ते पाहिले तेव्हा माझा उत्साह मावळला. प्रत्येक फोटोत घुमटाच्या मागे काळसर निळा, किंचित तिरका पट्टा उमटला होता व दोन्ही कडांना आकाश फिकट होत गेले होते. एका विद्यार्थिनीने, सर, पाऊस येणार होता का, असे अगदी निरागसपणे विचारले. त्या रात्री मला एका जुन्या छायाचित्राची आठवण झाली. ह्याच स्तूपाचे, सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी काढलेले. त्यात आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे आहे, पण तोरणावरील शिल्पे मात्र स्पष्ट वाचता येतात. ते छायाचित्र घेणाऱ्या गृहस्थांचे नाव लाला दीनदयाळ. पुढे ते राजा दीनदयाळ म्हणून सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध झाले. त्यांच्या आयुष्याची हकीगत आपल्या अंकाच्या मराठी आणि कानडी अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना जवळची वाटेल, कारण त्यांची वाट होळकरांच्या इंदुरातून सुरू होते आणि निजामाच्या त्या मुलखात जाते, ज्यात मराठी व कानडी दोन्ही जिल्हे होते.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठ जिल्ह्यातील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. घराणे जवाहिऱ्यांचे. त्यांच्या वयाच्या तेराव्या वर्षी मेरठलाच १८५७ च्या उठावाची ठिणगी पडली. कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले, आणि नव्या राज्यकर्त्यांना रस्ते, पूल, कालवे व कचेऱ्या बांधण्यासाठी शिकलेल्या माणसांची गरज भासू लागली. घरच्या धंद्यात न शिरता दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. तेथील अभ्यासक्रम पुरा करून १८६६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन म्हणून लागले. खर्चाचे अंदाज करणे आणि नकाशे काढणे हे त्यांचे काम. त्यांची पुढची छायाचित्रे पाहताना हे शिक्षण विसरून चालत नाही. इमारतीचे उभे खांब उभेच दिसले पाहिजेत, पायऱ्या मोजता आल्या पाहिजेत, कोणती भिंत पुढे व कोणती मागे हे कळले पाहिजे, अशी नकाशा काढणाऱ्याची शिस्त त्यांच्या प्रत्येक चित्रात आहे.

इंदूर म्हणजे त्या काळी दोन सत्तांचे गाव. एका बाजूस होळकरांचा दरबार, दुसऱ्या बाजूस मध्य हिंदुस्थानातील सर्व संस्थानांवर देखरेख करणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या एजंटाची रेसिडेन्सी. दीनदयाळ यांनी छायाचित्रणाला हात घातला तो १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांचे काम पाहिले, उत्तेजन दिले आणि एजंट सर हेन्री डॅली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. इंदूरचे डॅली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे डॅली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, त्या प्रसंगीही दीनदयाळ यांना छायाचित्रे घेण्याची संधी मिळाली. एका मराठी संस्थानिकाची पारख नसती तर हा ड्राफ्ट्समन कदाचित पेन्शनीपर्यंत अंदाजपत्रकेच करीत राहिला असता.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते, हे आजच्या मोबाइलच्या दिवसांत सांगितल्याशिवाय कळणार नाही. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि काच वाळण्यापूर्वी ती धुऊन चित्र उमटवायचे. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे जेथे फोटो तेथे काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे हंडे आणि काचांच्या पेट्या हव्यातच. मोठे चित्र हवे असेल तर तेवढीच मोठी काच, कारण निगेटिव्हवर कागद ठेवून त्याच आकाराची प्रत छापली जाई. आधीच तयार केलेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या तेव्हा १८८० साल उजाडत होते. त्यांनी तंबूची कटकट कमी केली, पण काचेचे वजन काही कमी झाले नाही. बैलगाडीच्या वाटेवर एक खड्डा लागला की महिन्याच्या श्रमाचे तुकडे.

१८८१ मध्ये सर लेपेल ग्रिफिन हे मध्य हिंदुस्थानचे एजंट झाले. त्यांना प्राचीन इमारतींची आवड होती. त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर घेऊन बुंदेलखंड व आसपासचा मुलूख पालथा घातला. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे, ओरछा व दतियाचे राजवाडे, आणि भोपाळ संस्थानातील सांचीचे स्तूप ह्यांची छायाचित्रे तयार झाली. त्यांतील ८६ चित्रांचा ग्रंथ मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तू ह्या अर्थाच्या इंग्रजी नावाने १८८६ मध्ये निघाला. मजकूर ग्रिफिनसाहेबांचा, चित्रे दीनदयाळ यांची. ह्या सहकार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या वेळी भोपाळच्या गादीवर नवाब शाहजहान बेगम होत्या. ग्रंथ निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, ह्याच ग्रिफिनसाहेबांनी बेगमांचे पती सिद्दीक हसन खान यांच्या पदव्या काढून घेवविल्या. ज्या सत्तेने छायाचित्रकाराला रस्ता मोकळा करून दिला, तीच सत्ता संस्थानिकांना दाबात ठेवीत होती. दीनदयाळ यांना ह्या दोहोंच्या मधूनच चालावे लागले आणि आयुष्यभर ते दोन्ही दरबारांत सारखेच विश्वासाचे राहिले.

सांचीला ते पोहोचले तो काळ महत्त्वाचा आहे. १८१८ मध्ये जनरल टेलर यांनी हे स्तूप पुन्हा जगाच्या नजरेस आणले आणि पुढे हौशी खोदकाम करणाऱ्यांनी त्यांची बरीच नासधूस केली. १८८१ नंतर मेजर कोल यांनी दुरुस्ती हाती घेतली, पडलेली दक्षिण व पश्चिम तोरणे पुन्हा उभी केली. जॉन मार्शल यांचे मोठे काम व्हायला (१९१२ ते १९१९) अजून तीस वर्षे अवकाश होता. म्हणजे दीनदयाळ यांची चित्रे ह्या दोन दुरुस्त्यांच्या मधल्या सांचीचा पुरावा आहेत. तोरणाचा कोणता तुकडा तेव्हा कोठे होता, हे विचारायचे झाले तर त्यांच्या काचेलाच विचारावे लागते.

आता त्या पांढऱ्या आकाशाकडे वळू. त्या वेळच्या काचा निळ्या व जांभळ्या किरणांनाच भुलत. तांबूस दगड त्यांना काळपट दिसे आणि निळे आकाश लख्ख पांढरे. दगडावरील कोरीव काम उमटायचे तर काच पुरेसा वेळ उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्या वेळात आकाश पार जळून जाई. काही छायाचित्रकार दुसऱ्या काचेवरचे ढग वरून छापून ही उणीव झाकीत. रंगद्रव्य मिसळून काचेला इतर रंग दिसू लागतील असा शोध जर्मनीतील फोगेल यांनी १८७३ मध्ये लावला. त्या कामात पुढे भर घालणाऱ्यांत कलकत्त्याच्या सर्वेक्षण कचेरीतील जेम्स वॉटरहाउस होते. योगायोग असा की ह्याच वॉटरहाउस यांनी तरुणपणी, १८६२ मध्ये, भोपाळला येऊन सिकंदर बेगमांची छायाचित्रे घेतली होती. सांचीच्या आकाशाने त्यांनाही सतावले असेल काय, असे सहज मनात येते.

आमच्या हातातला पोलरायझिंग फिल्टर हा ह्याच दुखण्यावरचा एक उपाय आहे. सूर्याचा प्रकाश हवेच्या रेणूंवरून विखुरतो तेव्हा त्याची कंपने काही दिशांत एका पातळीत येतात. ह्याला ध्रुवीभवन म्हणतात. आकाशाच्या प्रकाशातील हा गुण फ्रान्समधील आरागो यांनी १८०९ मध्ये पाहिला होता. फिल्टर फिरवला की ती कंपने अडतात आणि निळा रंग गडद होतो. पाण्यावरची व पानांवरची चकाकीही अशीच कमी होते. परंतु आकाश सगळीकडे सारखे ध्रुवित नसते. सूर्यापासून बरोबर काटकोनात जो पट्टा येतो तेथे हा परिणाम सर्वांत जास्त. सूर्याजवळ व सूर्याच्या समोरील बाजूस तो जवळजवळ नाहीच. साध्या ५० मिलिमीटर लेन्समध्ये आडवे सुमारे ४० अंश मावतात, तेवढ्यात हा फरक डोळ्यांवर येत नाही. २४ मिलिमीटरच्या वाइड अँगल लेन्समध्ये आडवे सुमारे ७४ अंश येतात. म्हणजे एकाच चौकटीत गडद पट्टा व फिकट कडा दोन्ही येणारच. माझा सूर्य आग्नेयेला होता, मी पाहत होतो नैर्ऋत्येला. काटकोनाचा पट्टा अगदी घुमटामागेच आला, त्यात नवल ते काय?

विद्यार्थ्यांसाठी एक सोपी युक्ती सांगतो. तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा काटकोनात उभा धरावा आणि मनगट फिरवावे. अंगठा आकाशात जेथून जेथून जाईल तेथे तेथे आकाश सर्वांत गडद होणार. तो पट्टा चौकटीत मधोमध येत असेल तर फिल्टर अर्धाच फिरवावा, आकाश कमी घ्यावे, कॅमेरा उभा धरावा, नाही तर फिल्टर काढून खिशात ठेवावा. मे महिन्यात भर दुपारी भोपाळचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा हा पट्टा क्षितिजाभोवती सारखा पसरतो आणि वाइड अँगलमध्येही आकाश एकसारखे येते. मात्र धुरळा फार असला तर फिल्टरचा गुण उतरतो. शामला टेकडीवरून बडा तलाव घेताना आणखी एक लक्षात ठेवावे. चकाकी पार काढून टाकली तर तळे मेल्यासारखे दिसते. शिवाय हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे काच तिप्पट-चौपट वेळ उघडी ठेवावी लागते. आणि जाड कड्याचा फिल्टर वाइड अँगलवर चढविला तर चारही कोपरे काळे होतात.

दीनदयाळ यांच्याजवळ असले काही नव्हते. ध्रुवित प्रकाश गाळणारे स्फटिक प्रयोगशाळेत होते, पण ते लेन्ससमोर धरण्याजोगे मोठे नव्हते. एडविन लँड यांनी पोलरॉइडचा पातळ ताव तयार केला तो १९२९ च्या सुमारास, दीनदयाळ यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. त्यामुळे आकाश बदलण्याचा मार्ग त्यांना बंद होता. त्यांच्या हाती दोनच गोष्टी होत्या: उभे राहण्याची जागा आणि घटकेची निवड. ऊन तिरके आले की कोरीव कामाची प्रत्येक रेघ सावली टाकते, आणि तेच त्यांनी साधले. इमारत ते बहुधा कोपऱ्याकडून, दोन बाजू दिसतील अशी घेत. पायरीवर किंवा खांबाशी एखादा माणूस उभा करीत, म्हणजे उंची ताबडतोब कळे. सांचीचा मोठा स्तूप सुमारे ३६ मीटर व्यासाचा व १६ मीटर उंच आहे हे आकडे आपण विसरतो, पण तोरणाखाली उभा असलेला तो माणूस विसरत नाही. आकाश गेले तर जाऊ द्यावे, दगड राहिला पाहिजे, असा हिशेब एस्टिमेटरच्या मनाने केलेला दिसतो.

ह्याच सुमारास त्यांच्या आयुष्यातला खरा निर्णयाचा क्षण आला. वय चाळिशीचे, सरकारी नोकरी पक्की, पुढे पेन्शन. दुसरीकडे काचा, रसायने आणि संस्थानिकांची मर्जी, म्हणजे बेभरवशाचा धंदा. त्यांनी आधी दोन वर्षांची रजा घेऊन पाहिले आणि मग नोकरी सोडली. १८८५ मध्ये व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपल्या दरबारचे छायाचित्रकार केले. सिकंदराबादेस मोठा स्टुडिओ उभा राहिला. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. लालाचे राजा झाले ते तेव्हा. राणी व्हिक्टोरियाची सनदही त्यांना मिळाली आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ निघाला.

निजामाच्या राज्यात तेव्हा मराठवाडा होता, तसेच बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे कानडी जिल्हेही होते. दीनदयाळ यांनी वेरूळची लेणी व दौलताबादचा किल्ला काचेवर उतरविला. दरबारातील मेजवान्या, शिकारी, फौजेचे संचलन ही कामे पोटापाण्याची होती. पण १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) भागातील हाडांचे सापळे झालेल्या माणसांसमोरही त्यांच्या संस्थेचा कॅमेरा उभा राहिला. राजवाड्याच्या झुंबरांइतक्याच स्वच्छपणे ती माणसे त्या चित्रांत दिसतात. ती पाहून झाल्यावर दरबाराची चित्रे पूर्वीसारखी पाहता येत नाहीत.

त्यांची आणखी एक कल्पना काळाच्या पुढची होती. पडद्यातील स्त्रियांना पुरुष छायाचित्रकारासमोर बसणे शक्य नव्हते. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो केनी-लेविक ह्या इंग्रज बाईंच्या हाती सोपविला होता.

उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. ग्यानचंद व धर्मचंद हे दोन्ही मुलगे धंद्यात होते. त्यांपैकी धर्मचंद १९०४ मध्ये वारले. हा घाव वडिलांना सोसला नाही. पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, मुंबईत राजा दीनदयाळ यांचे निधन झाले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. ग्यानचंद यांनी काम चालू ठेवले, पण वडिलांचा काळ परत आला नाही. स्वस्त हातकॅमेरे आले, प्रत्येक गावात फोटोवाला झाला आणि मोठाल्या काचा पेट्यांतून पडून राहिल्या. काचेचे काय, ओल लागली तर पापुद्रा सुटतो, हात सुटला तर तुकडे होतात. त्यांतून वाचलेल्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने आपल्याकडे घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला सकाळी थोडा वेळ होता. मी पुन्हा सांचीला गेलो, चार-पाच मुले बरोबर आली. ह्या वेळी फिल्टर पेटीतच ठेवला. आधी स्तूपाभोवती एक फेरी मारली, सूर्य कोठे आहे ते पाहिले आणि पूर्व तोरणावरच्या शिल्पांवर ऊन तिरके येईल अशी जागा शोधून काढली. जागा सापडायला पाऊण तास लागला, फोटो काढायला क्षणभर. मग एका मुलाला तोरणाखाली उभे केले. तो चुळबुळ करू लागला तेव्हा मी त्याला सांगितले की पूर्वी येथे उभ्या राहिलेल्या माणसाला काच उघडी असेपर्यंत निश्चल राहावे लागे, आणि त्याची उंची अजून आपल्या उपयोगी पडते आहे. मुलगा हसला आणि सरळ उभा राहिला. घरी आल्यावर तेवढाच एक फोटो मी चौकटीत बसवला. आकाश त्यात फिकटच आहे. तोरणावरची शिल्पे मात्र एकेक करून मोजता येतात.